अपघात गणपतीत, कावीळ दिवाळीत: मुक्या मारानं पित्ताची नळी कशी आवळते

वसुबारसेच्या सकाळी एक चोवीस वर्षांचा मुलगा माझ्या सोनोग्राफीच्या टेबलावर येऊन झोपला. डोळे पिवळेधमक, दंडांवर आणि पोटऱ्यांवर खाजवून खाजवून उठलेले ओरखडे, गळ्यात काविळीची माळ. माळ बेंबीच्या खाली आली होती, म्हणजे आईच्या हिशोबानं कावीळ उतरत आली होती. प्रोब फिरवायला मध्ये येते म्हणून मी ती काढून ठेवायला सांगितली, तर आई म्हणाली, "डॉक्टरबाई, काढू नका हो, नुसती वर सरकवा."

जेल लावताना त्याच्या पोटाकडे लक्ष गेलं. बरगड्या दोन बाजूंना उतरतात त्या खळग्यात, जरासा उजवीकडे, दहा रुपयांच्या नाण्याएवढा गोल काळसर डाग.

हा डाग मी आधी पाहिला होता, ताजा असताना. गौरी जेवणाच्या दिवशी संध्याकाळी, ओल्या रस्त्यावर, ट्रॅक्टरची ट्रॉली चुकवताना याची मोटरसायकल घसरली आणि हँडलचं टोक पोटात बसलं. रक्त नाही, उघडी जखम नाही. आपण ज्याला 'मुका मार' म्हणतो तो. त्या रात्रीची सोनोग्राफी मीच केली होती. लिव्हरच्या कडेला थोडं पाणी दिसलं म्हणून शहरात सीटी स्कॅनला पाठवलं. तिथे लिव्हरला लहानशी चीर निघाली, पाच दिवस नजरेखाली ठेवलं, रक्तस्राव आपोआप थांबला आणि मुलगा आपल्या पायांनी घरी आला. माझ्या त्या रिपोर्टात एक ओळ होती: पित्तनलिका नॉर्मल. ती फाइल आता आईच्या मांडीवर होती, आणि पडद्यावर तीच नलिका बारा मिलिमीटर फुगलेली दिसत होती. तेव्हाच्या दुपटीहून जास्त.

पहिला रिपोर्ट चुकला होता का? घरच्यांच्या मनात पहिल्यांदा तेच येतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं. तो चुकला नव्हता. पण हे पटायला पोटात जरा फिरून यावं लागेल.

आधी 'पित्त' कोणतं ते ठरवू

मराठीत पित्त हा शब्द तीन-चार ठिकाणी नोकरीला आहे. जागरण झालं, सकाळी आंबट पाणी तोंडात आलं, की 'पित्त झालं'. ते खरं तर जठरातलं आम्ल. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' आणि आजी अमसुलाचं पाणी चोळते. ती ॲलर्जी. कुणी भडकला की त्याचं पित्त खवळतं. इथलं पित्त यातलं एकही नाही. हे लिव्हरमध्ये तयार होणारं हिरवट-पिवळं, जहाल कडू पाणी. मासा साफ करताना पित्ताची पिशवी फुटली की अख्खा मासा कडू होतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्याची ओळख नव्यानं करून द्यायला नको.

लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. जेवणातल्या तेला-तुपाचे थेंब बारीक फोडून ते पचण्याजोगे करणं हे त्याचं एक काम. दुसरं काम कचरा नेण्याचं. रक्तातल्या जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचा पिवळा रंग उरतो, तो लिव्हर पित्तात मिसळून आतड्यात सोडतं. शौचाला जो तपकिरी रंग असतो तो त्यातूनच येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पित्ताचा रस्ता नदीसारखा आहे. लिव्हरच्या आत केसाहून बारीक ओघळ, त्यांचे ओहोळ, ओहोळांचे ओढे. शेवटी उजव्या आणि डाव्या भागातून एक-एक नळी बाहेर पडते, लिव्हरच्या दारातच त्यांचा संगम होतो, आणि तिथून मुख्य पित्तनलिका खाली उतरते. लहान आतड्याच्या पहिल्या वळणामागून जाते, स्वादुपिंडाच्या डोक्यात शिरते आणि आतड्यात उघडते. उघडते तिथे स्नायूची झडप असते. एवढ्या महत्त्वाच्या रस्त्याची रुंदी किती, तर साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे शाळेच्या पेन्सिलीहून बारीक.

पित्ताशय हे या रस्त्याच्या कडेचं साठवण तळं. तीस ते पन्नास मिलिलीटरची टाकी. लोक पित्ताशय आणि पित्तनलिका एकच समजतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. पित्ताशय काढून टाकलं तरी माणूस मजेत जगतो. नलिका मात्र एकच असते. ती बंद पडली तर पित्ताला दुसरी वाट नाही.

पाटा, वरवंटा आणि मधली नळी

ही नलिका पोटात खूप खोलवर असते. वरून लिव्हरचं पांघरूण, पुढे बरगड्यांची कड, मागे पाठीचा कणा. म्हणूनच मुक्या मारानं ती दुखावण्याचे प्रकार फार दुर्मिळ आहेत. एखाद्या तालुक्याच्या सर्जननं आयुष्यभरात एखादी केस पाहिली तर पाहिली. पोटावरच्या मारात लिव्हर, प्लीहा, आतडी यांचा नंबर आधी लागतो. पित्तमार्गातही आधी पित्ताशय, मग नलिका.

पण मागे असलेला कणाच कधी घात करतो. रुंद फळी पोटावर आदळली तर मार पसरतो. मोटरसायकलच्या किंवा सायकलच्या हँडलचं टोक शिरलं तर सगळा जोर तेवढ्याशा गोलात उतरतो. आत कणा म्हणजे पाटा, हँडल म्हणजे वरवंटा, आणि मध्ये पेन्सिलीहून बारीक नळी. गाडीचं स्टिअरिंग, बैलाची लाथ, विटांच्या ढिगावर पोटावर पडणं, सगळ्यांचं गणित तेच. लहान मुलांत तर बरगड्या इतक्या लवचीक असतात की मार आत जातो आणि बरगडी मोडतसुद्धा नाही. क्ष-किरण फोटो स्वच्छ येतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात.

दुसरा प्रकार ओढाताणीचा. लिव्हर दीड किलोचं धूड. गाडी थडकून शरीर थांबलं तरी ते क्षणभर पुढे किंवा वर झेपावतं. नलिका मात्र दोन जागी घट्ट धरलेली असते, वर लिव्हरच्या दारात आणि खाली स्वादुपिंडात शिरते तिथे. दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीला हिसका बसला तर ती खुंटीपाशी तुटते. नलिकेच्या इजा बहुधा याच दोन जागी सापडतात, त्यामुळे कुठे बघायचं हे तरी आम्हाला ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी काहीच कसं दिसत नाही?

नलिकेची इजा दोन तऱ्हांची असते. एकीत ती फाटते आणि पित्त पोटात सांडतं. दुसरीत ती चेचली जाते, पण शाबूत राहते.

फाटली तर लगेच कळायला हवं, असं कुणालाही वाटेल. आतडं फाटलं तर कळतंच. आतली घाण पसरते, काही तासांत पोट लाकडासारखं कडक होतं. पित्त मात्र निरोगी माणसात जंतुरहित असतं. ते सांडलं तर पोटाच्या अस्तराला झोंबतं, पण बरेचदा आरडाओरडा करत नाही. शिवाय ते वाहतं किती? दिवसाचा अर्धा ते एक लिटर मिनिटांत वाटला तर मिनिटाला सात ते चौदा थेंब पडतात. संथ लावलेल्या सलाइनएवढा हा वेग. त्यामुळे दोन-चार दिवस नुसतं पोट जड वाटतं, भूक मंदावते, बारीक ताप येतो, पँटचा हुक लागेनासा होतो. कधी उजवा खांदा दुखतो, कारण श्वासपटलाला पित्त लागलं की त्याची कळ खांद्यात उमटते. मग एक दिवस साचलेल्या पित्तात जंतू शिरतात आणि सगळंच पेटतं.

चेचण्याच्या प्रकारात तर सांडायलाही काही नसतं. नलिका आहे तिथे आहे, रुंदी आहे तेवढी आहे, पित्त वाहतंय. सोनोग्राफी आकार दाखवते. भिंतीला पुढे काय होणार ते दाखवत नाही. त्या रात्री मी मोजली तेव्हा ती पाच मिलिमीटर होती, आणि पाच म्हणजे नॉर्मल. जे नंतर घडायचं होतं ते घडलंच नव्हतं.

मग नंतर ती आवळते कशी?

नलिकेला रक्त पुरवणाऱ्या मुख्य बारीक धमन्या तिच्या दोन कडांनी धावतात, साडीच्या दोन काठांसारख्या. बहुतेक रक्त खालून, आतड्याच्या बाजूनं वर चढतं. उरलेलं वरून खाली येतं. दोऱ्याएवढे बारीक हे काठ वरवंट्याखाली सापडले की तिथल्या भिंतीचा रसद-पुरवठा तुटतो.

गंमत अशी की लिव्हरला याची झळ लागत नाही. लिव्हरला दोन बाजूंनी रक्त मिळतं आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतड्याकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेतून येतं. धमनी दुखावली तरी लिव्हर तग धरतं. नलिकेला ती सोय नाही, तिचं पोट फक्त धमनीवर. मालक जेवून झोपलाय आणि दारातला पहारेकरी उपाशी, असा प्रकार.

उपाशी राहिलेली भिंत मग जमेल तशी भरून येते. मूळच्या मऊ अस्तराच्या जागी चिवट तंतूंची ठिगळं बसतात. तापलेल्या तेलानं भाजलेलं मनगट आठवा. जखम भरते, पण महिन्याभरात व्रण ओढायला लागतो, हात पुरता उलटत नाही. व्रणाचा स्वभावच आक्रसण्याचा. मनगटावर तो ओढतो तेव्हा दिसतं. नळीला गोलाकार व्रण झाला की तो बटव्याच्या नाडीसारखा तोंड आवळत नेतो. डॉक्टर याला 'स्ट्रिक्चर' म्हणतात, आपण आवळण म्हणू.

आता एक कोडं. नळीची रुंदी निम्मी झाली तर त्याच दाबानं त्यातून निम्मं नाही, सोळावा हिस्सा पाणी जातं. भौतिकशास्त्राचा हा जुना नियम आहे. मग सहाची तीन मिलिमीटर झाल्या झाल्या कावीळ का होत नाही? कारण मिनिटाला दहा-बारा थेंब जायला तीन मिलिमीटरही पुरून उरतात. वाहतूक मुळातच इतकी कमी की रस्ता बराच अरुंद झाला तरी कुणाला जाणवत नाही. शेवटच्या मिलिमीटरला मात्र एकदम कोंडी होते. म्हणून पाच-सहा आठवडे माणूस धडधाकट फिरतो आणि मग चार दिवसांत पिवळा पडतो. कुणाला हे व्हायला आठवडे लागतात, कुणाला महिने. क्वचित वर्षंही मध्ये जातात आणि तोवर तो अपघात घरात कुणाच्या आठवणीतही नसतो.

आवळणीच्या वर बंधारा घातल्यासारखं होतं. पित्त मागे तुंबतं, ओढे-ओहोळ फुगतात. एरवी सोनोग्राफीत लिव्हरच्या आतल्या पित्ताच्या नळ्या जवळजवळ दिसत नाहीत, त्यांच्या शेजारच्या रक्तवाहिन्या तेवढ्या दिसतात. तुंबल्या की दोन्ही समांतर काळ्या रेघा शेजारी शेजारी उमटतात, दुनळी बंदुकीसारख्या. वसुबारसेला पडद्यावर मला सगळीकडे दुनळ्या दिसल्या. मुख्य नलिका बारा मिलिमीटरची, आणि स्वादुपिंडाच्या वरच्या काठाशी येऊन ती पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती होत संपली होती. बरोबर खालच्या खुंटीपाशी.

कावीळ म्हणजे लिव्हर बिघडलं, असंच ना?

साखर कारखान्याच्या गेटवर साखर बाहेर येत नाहीये. कारण दोन असू शकतात: आत यंत्रं बंद पडलीत, किंवा गेटसमोर ट्रक आडवा झालाय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. काविळीचंही तसंच आहे. दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूनं लिव्हरला सूज येते ती यंत्रांची कावीळ. ती बहुतेकदा आठवड्यांत आपोआप बरी होते. नळी तुंबली ती रस्त्याची कावीळ. ती रस्ता मोकळा केल्याशिवाय उतरत नाही.

फरक ओळखायला महागडी तपासणी लागतेच असं नाही. रस्त्याच्या काविळीत आतड्यात रंग पोचत नाही, म्हणून शौच चिकणमातीसारखी पांढुरकी होते. तोच रंग रक्तातून मूत्रपिंडात उतरतो आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. पित्तातले घटक रक्तात साचतात आणि खाज सुटते, पुरळ नसताना, रात्रीची जास्त, तळहात-तळपायांना तर नकोशी. आमच्या या मुलाची खाज कोजागिरीला सुरू झाली होती, डोळे पिवळे व्हायच्या चार दिवस आधी. शौचाचा रंग कसा आहे हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यानं आईकडे बघितलं, आईनं भिंतीवरच्या गर्भलिंग निदान होत नसल्याच्या पाटीकडे, आणि मग तो हळूच म्हणाला, "पांढरी होतीय, पंधरा दिवस झाले."

रक्ताचा साधा लिव्हर रिपोर्टही बोलतो. याचं बिलिरुबिन अकरा होतं (सव्वाच्या आत हवं, अडीच-तीनच्या पुढे डोळ्यांत दिसू लागतं), आणि त्यातलं बहुतेक 'डायरेक्ट', म्हणजे लिव्हरनं प्रक्रिया करून बाहेर पाठवलेलं पण वाटेत अडकलेलं. अल्कलाइन फॉस्फेटेज हे नळ्यांच्या भिंतीतलं रसायन नेहमीच्या पाचपट होतं. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींतलं रसायन, जे विषाणूच्या काविळीत शेकड्यांत-हजारांत जातं, ते नव्वदच्या आसपास. यंत्रं चालू होती, ट्रक आडवा होता.

एक बारकावा. संगमाच्या आधी, उजव्या किंवा डाव्या एकाच नळीला आवळण पडली तर सहसा कावीळ होत नाही, कारण दुसरी बाजू सगळं काम उरकते. फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं राहतं आणि तुंबलेला भाग हळूहळू सुकत जातो.

माळेनं बिघडतं काय?

माळेनं काहीच बिघडत नाही. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठींनी बांधलेले असतात. काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैलावतात, माळ वाढते. ती खुंटीला टांगून ठेवली तरी वाढेल. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे आणि पिवळं पाणी दाखवून 'कावीळ उतरली' म्हणायचं, हेही जुनंच. विषाणूची कावीळ आपली आपण बरी होत असते, श्रेय माळेला जातं. गावोगावी या उपायांची पत टिकून आहे ती याचमुळे, आणि माळ घालणाऱ्या आईला हसण्यात काही अर्थ नाही. तिच्या आजवरच्या अनुभवात माळ कधी खोटी ठरलेली नसते.

माझी तक्रार त्या बारा दिवसांबद्दल आहे. कोजागिरी ते वसुबारस. उसाचा रस, पथ्य, पिवळ्याला पिवळं नको म्हणून घरात हळद बंद. आणि आत काय चाललेलं असतं? तुंबलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसे तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. मग हुडहुडी भरून ताप, कावीळ आणि उजव्या कुशीत दुखणं असं त्रिकूट जमतं. त्या टप्प्यावर माणूस एका रात्रीत गंभीर होऊ शकतो. पित्त आतड्यात न पोचल्यानं तेलात विरघळणारी जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत. त्यातलं 'के' कमी पडलं की रक्त गोठेनासं होतं, साधं दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. तुंबारा महिनोन्‌महिने तसाच राहिला तर लिव्हर कडक होत जातं. काविळीवर नाकात औषधाचे थेंब टाकणं आणि मनगटाला डाग देणं यांबद्दल मात्र माझं मत इतकं मवाळ नाही.

आवळलेला भाग कापून दोन टोकं शिवली तर?

सुचतं ते हेच. बागेतला पाइप फाटला तर आपण तेवढा तुकडा कापून जोडतो. पण नलिकेचा तुकडा कापला की टोकं एकमेकांपर्यंत ओढून आणावी लागतात आणि टाक्यांवर ताण येतो. शिवाय रक्तपुरवठा करणारे ते दोन काठ आधीच जायबंदी. ताण आणि उपासमार म्हणजे नव्या व्रणाला आमंत्रणच. जोड पुन्हा आवळतो.

म्हणून नलिका पूर्ण तुटली असेल किंवा आवळण लांबलचक असेल तर सर्जन खालचा भाग सोडून देतात. वर, जिथे रक्तपुरवठा धडधाकट आहे तिथल्या नळीला लहान आतड्याचा एक लांब पदर वर आणून थेट शिवतात. पित्त थेट आतड्यात. आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. ही युक्ती लोझानच्या सेझार रू या स्विस सर्जनच्या नावानं ओळखली जाते.

तरीही पुढची बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अपघाताचं नाही, शस्त्रक्रियेचं आहे. नलिकेच्या बहुतेक इजा मुळात पित्ताशय काढताना होतात, आणि ती दुरुस्त कशी करायची हेही डॉक्टर त्यातूनच शिकले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांची १९५३ च्या एप्रिलमध्ये लंडनला पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि तीत नलिका दुखावली. बॉस्टनला जाऊन रिचर्ड कॅटल या सर्जनकडून त्यांनी ती दुरुस्त करून घेतली. १९५५ मध्ये ते पंतप्रधान झाले. पण तापाच्या लहरी येतच राहिल्या, आणि १९५६ च्या ऑक्टोबरात, सुएझ कालव्यावरून इजिप्तशी चाललेला पेच ऐन रंगात असताना, त्यांना जोरदार ताप भरला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी त्यांना पुन्हा बॉस्टनला शस्त्रक्रियेसाठी जावं लागलं. सुएझचा निर्णय त्यांच्या नलिकेनं घेतला असं म्हणणं अति होईल, पण इतिहासकार अजून त्या तापाबद्दल लिहितात.

स्टेंट म्हणजे हृदयात घालतात तोच का?

नाव तेच, काम वेगळं. ईडन यांच्या काळी पोट उघडण्याला पर्याय नव्हता. आज नळी अखंड असेल आणि आवळण आखूड असेल, तर बहुतेक वेळा दुर्बिणीनं भागतं. आधी एमआरसीपी करतात. तो एमआरआयचाच प्रकार आहे, सुई-नळी काही नाही, पण पित्ताच्या सगळ्या नदीचा नकाशा मिळतो. मग ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण घालून आतड्यातल्या झडपेपर्यंत जायचं, झडपेला छोटा छेद द्यायचा, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली आवळण बघायची, तिच्यातून तार सरकवायची, तारेवरून फुगा नेऊन ती ताणायची आणि प्लॅस्टिकची नळी, म्हणजेच स्टेंट, ठेवून द्यायची. ही नळी साधारण तीन-सव्वातीन मिलिमीटर जाडीची असते. दर तीन महिन्यांनी ती बदलतात आणि प्रत्येक वेळी जमल्यास शेजारी आणखी एक सरकवतात. साधारण वर्षभर हा कार्यक्रम चालतो. काढता येणारे, आवरण असलेले धातूचे स्टेंटही आहेत. ते एकदाच बसवून काही महिन्यांनी काढतात.

हृदयातला स्टेंट कायमचा. हा स्लॅबच्या सेंटरिंगसारखा. काँक्रीट ओलं आहे तोवर आधार हवा, स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग उतरवायचं. व्रणाला रुंद अवस्थेत घट्ट व्हायला लावायचं, एवढाच हेतू. अडचण अशी की सेंटरिंग विसरून चालत नाही. प्लॅस्टिकच्या नळीत गाळ बसतो आणि ती तुंबते. बरं वाटतंय म्हणून बदलायची तारीख चुकवलेले पेशंट थंडी-तापानं परत येतात.

यातही धोके आहेत. ईआरसीपीनंतर शंभरात तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, बहुतेकांची सौम्य. आवळणीतून तारच गेली नाही तर वरून, कातडीतून लिव्हरमध्ये सुई घालून पित्ताला वाट द्यावी लागते. वर्षभरानं पुन्हा आवळलं तर शस्त्रक्रिया उरतेच.

मग पहिल्याच दिवशी पोट उघडून का बघत नाहीत?

हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय, आणि त्यात राग असतो. पण मुक्या मारानं लिव्हरला पडलेल्या बहुतेक चिरा, नाडी आणि रक्तदाब स्थिर असेल तर, पोट न उघडता भरतात. उघडलं की गोठून थांबलेलं रक्त पुन्हा वाहू लागण्याची भीती. आणि उघडून दिसणार काय? या मुलाच्या नलिकेभोवती त्या रात्री थोडी काळी-निळी सूज दिसली असती. ती कुठल्याही मारानंतर दिसते.

प्रत्येकाला एमआरसीपी करा असंही मी म्हणणार नाही. मुक्या माराच्या हजारो पेशंटांत एखाद्यालाच ही गत येते. पण ज्याच्या पोटावर हँडलचा गोल शिक्का आहे, ज्याच्या लिव्हरची चीर दाराजवळ आहे किंवा ज्याचं स्वादुपिंड वा आतड्याचं पहिलं वळण दुखावलंय, त्याला दोन, चार आणि सहा आठवड्यांनी रक्ताचा लिव्हर रिपोर्ट आणि एक सोनोग्राफी सांगायला काय हरकत आहे? अल्कलाइन फॉस्फेटेज डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी चढायला लागतं. याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: 'गरज वाटल्यास दाखवणे.' गरज त्याला वाटली नाही. त्याला भूक कमी लागत होती, एवढंच.

माझ्याकडे पोटाच्या सोनोग्राफीसाठी येणाऱ्यांचा एक छापील फॉर्म आहे. त्या दिवाळीनंतर मी त्यात एक ओळ वाढवली: गेल्या वर्षभरात पोटाला मार लागला होता का, केव्हा. बहुतेक जण ती रिकामी सोडतात.

त्या मुलाची पहिली नळी धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी शहरात बसली. खाज आठवड्यात थांबली, बिलिरुबिन महिन्याभरात उतरलं. वर्षात चार वेळा नळ्या बदलल्या. त्यातली एक तो मला दाखवायला जुन्या औषधाच्या बाटलीत घालून घेऊन आला होता, मुळात निळी असलेली नळी, आतून काळपट गाळानं भरलेली. पुढच्या दसऱ्याला सगळ्या काढल्या, त्यानंतर सहा महिन्यांनी मी पुन्हा मोजली: साडेपाच मिलिमीटर, आतल्या दुनळ्या नाहीशा. रिपोर्ट हातात देताना आईनं विचारलं, "मग डॉक्टरबाई, आता भाजीत हळद घालायला लागू का?"

दीड वर्षात आमच्यापैकी कुणीच तिला सांगितलं नव्हतं की ती कधी बंद करायचीच नव्हती.